आमच्या बोक्याचा दमा

आमचा बोका पहिल्यांदा खोकला तेव्हा त्याच्या घशात काटा अडकला आहे यावर सगळ्या ओळीचं एकमत झालं. ओळ म्हणजे अकोल्यातल्या एका जिनाच्या, म्हणजे जिनिंग कारखान्याच्या, आवारातल्या दहा-बारा खोल्या. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं तिथे दिवाळीपासून होळीपर्यंत धडधडत असत. ती बिघडली की बाबांना हाक येई, कारण बाबा तिथे फिटर होते. बोका आला होता शेजारच्या चाचीकडून. चाचीचा नवरा रजया-गाद्यांसाठी कापूस पिंजायचा आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगातच हा पिवळा गोळा जन्मला होता. म्हणून त्याच्यावर पहिला हक्क चाचीचा. तिने त्याचा जबडा उघडून घशात बोट घातलं, त्याने ते कचकचून चावलं, आणि काटा काही निघाला नाही.

मग मायने त्याला भाकरीचा सुका घास चारला, दुसऱ्या दिवशी केळं. भाकरी त्याने माझ्या दप्तरावर ओकली आणि केळ्याकडे अशा तुच्छतेने पाहिलं की मला मायचीच लाज वाटली. खोकला चालूच होता. पोट जमिनीला टेकवून, कोपरं बाहेर काढून, मान लांबवून तो बसायचा आणि खोल विहिरीतून काही ओढून काढावं तसा खोकायचा. खोकून झालं की उठून पाय चाटायचा, जसं काही झालंच नाही. मांजरांना आपलं दुखणं लपवायची खोड असते. आमच्या घरात ती खोड माणसांनाही होती.

मी तेव्हा आठवीत होते. माझ्यानंतर मायला एक मुलगा झाला होता. सात महिन्यांचा होऊन तो एका हिवाळ्यात खोकल्याने गेला. मी पाच वर्षांची असेन. त्याचा चेहरा मला आठवत नाही, आठवतो तो मायच्या पदराचा वास. गोवरीचा धूर, जळलेला ओवा आणि लसणाची सालं. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. माय तर त्याचा विषय जवळपास आला तरी उठून पाणी भरायला जायची, हंडा भरलेला असला तरी.

काटा नाही हे पटल्यावर मायने बोक्याला धुरी द्यायला सुरुवात केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तान्ह्या लेकराला सर्दी-खोकला झाला की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकतात आणि लेकराला पदराखाली घेऊन त्या धुरावर धरतात. दोन वर्षांपूर्वी बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. कोनाड्यातले देव त्यांनी कापडात बांधून मोर्णा नदीत सोडले आणि मायने एका शब्दाने अडवलं नाही. संध्याकाळचा देवापुढचा दिवाही बंद झाला. धुरी मात्र राहिली. ती काही देवाची नव्हती, औषधाची होती, असं मायचं म्हणणं होतं आणि ते बाबांनाही पटलं होतं.

तर रोज दिवेलागणीला माय लोखंडी घमेल्यात गोवरीचे निखारे घ्यायची, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि बोक्याला मांडीवर घेऊन वरून पदर ओढायची. आश्चर्य म्हणजे तो बसायचा. मला ओरबाडणारा, बाबांच्या पायांवर झडप घालणारा, चाचीचं बोट फोडणारा बोका मायच्या मांडीवर मुकाट बसायचा आणि पदराखाली खोकायचा. तो जितका खोकेल तितकी मायला आशा वाटायची. कफ सुटून राहिला, असं ती म्हणायची आणि आणखी चिमूटभर ओवा टाकायची.

जिन सुरू झाला आणि बोक्याचं वाढलं. त्या दिवसांत आमच्याकडे हवेत कापसाची रोंयी, म्हणजे बारीक तंतू, तरंगायची, दारावर, दोरीवरच्या कपड्यांवर, वरणावरसुद्धा. बोका आता खोकून थांबत नव्हता, त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची. एका सकाळी तो दुधाकडे गेला, वाटीजवळ उभा राहिला आणि दूध न पिताच बसला. दूध पिण्याइतकाही श्वास त्याला पुरत नव्हता. माय त्याच्याकडे बघत म्हणाली, "याले मी जाऊ देत नाई." ती आमच्याशी बोलत नव्हती. पण बाबांनी त्याच दिवशी अर्धा दिवस रजा टाकली.

गुरांच्या दवाखान्याला आमच्याकडे ढोर-दवाखाना म्हणत. तिथे मांजर घेऊन गेलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. फिटरच्या घरी बोक्याले डाक्तर लागते, अशी ओळीत थट्टा झाली. बाबांनी एका टोपलीत बोक्याला कोंबलं, दुसरी टोपली वर पालथी घालून सुतळीने बांधली आणि सायकलच्या कॅरियरवर ठेवली. मी मागून टोपली धरून पळत होते. आतून जो आवाज येत होता तो मांजराचा वाटत नव्हता. पुढे कितीतरी वर्षं दवाखान्याचं नाव निघालं की तोच माझ्या कानात यायचा.

दवाखान्यात खोड्यात एक बैल अडकवलेला होता. त्याच्या खांद्यातलं गळू कापत होते आणि तो हंबरत होता. फिनेल, रक्त, शेण, सगळ्याचा मिळून एक वास होता. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी आमची टोपली टेबलावर घेतली आणि सुतळी सोडली. बोका उडाला तो थेट औषधांच्या कपाटावर. दोन बाटल्या फुटल्या. बाबांनी हात वर केला तेव्हा तो कपाटामागे पडला, आणि तिथून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, जीभ जांभळी होती आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मी रडायला लागले.

डॉक्टरांनी तेव्हा जे केलं ते मी विसरले नाही. त्यांनी बोक्याला हात लावला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, बैलवाल्याला थांबायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि आत एकटेच जमिनीवर बसून राहिले. अर्ध्या तासाने दार उघडलं. बोका कोपऱ्यात बसलेला होता, तोंड मिटून.

ते बाबांना म्हणाले, "याला दमा आहे, मिस्त्री. माणसाला होतो तसाच. हा दमा जन्मभर राहील, पण सांभाळता येईल. मात्र याला इथे परत आणू नका. इथे आणलात तर दम्याच्या आधी माझ्या धसक्याने जाईल. मीच येईन."

त्यांनी गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ पाव गोळी. ती पाव गोळी बोक्याच्या पोटात घालणं हा आमच्या घरातला त्या हिवाळ्यातला मोठा उद्योग झाला. दह्यातून दिली, त्याने दही चाटून गोळी ताटलीच्या काठावर नीट काढून ठेवली. लोण्यातून दिली, ती बाबांच्या चपलेत सापडली. शेवटी मायला बाजारच्या सुकटीतून युक्ती सुचली. बोंबलाच्या डोक्यात गोळी खुपसून दिली की तो मोह त्याला आवरत नसे. घरभर वास सुटायचा, पण गोळी जायची.

डॉक्टर खरंच आले. पहिल्यांदा खाकी कोटात, हातात पेटी घेऊन. ते फाटकाशी असतानाच बोका ज्वारीच्या कणगीमागे गेला तो ते जाईपर्यंत बाहेर आला नाही. त्यांनी मला एक काम शिकवलं. बोका झोपलेला असताना त्याच्या पोटाकडे बघायचं, एका मिनिटात किती वेळा वर येतं ते मोजायचं. चाळीसच्या वर गेलं तर निरोप धाडायचा. मी शाळेत गेल्यावर कोण मोजणार, असं मी विचारलं. मायला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि ते तिला परक्यासमोर सांगायचं नव्हतं. डॉक्टरांच्या बहुधा लक्षात आलं. त्यांनी सुपातल्या तुरीतले चाळीस दाणे मोजून एका रिकाम्या डबीत घातले. श्वासागणिक एक दाणा बाहेर काढायचा. घड्याळाचा सेकंदकाटा फिरून येण्याआधी डबी रिकामी झाली तर ते वाईट. दाणे उरले तर बरं. बाबांचं जुनं खिशातलं घड्याळ त्या दिवसापासून मायच्या ताब्यात गेलं.

निघताना माय त्यांना म्हणाली, तिच्या नेहमीच्या सुरात, "साहेब, तुमच्या अंगाले बैलाचा वास येऊन राहिला. तो काहून येईन तुमच्यापाशी?"

पुण्याच्या माणसाला हे कसं लागलं असेल कोण जाणे. बाबा तर खाली बघायला लागले. पण पुढच्या रविवारी डॉक्टर सकाळी आंघोळ करून, पायजमा-सदऱ्यात, पेटीशिवाय आले. ओट्यावर बसून चहा प्याले, बाबांशी जिनाच्या पट्ट्यांविषयी बोलले आणि बोक्याकडे चुकूनही बघितलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी बोका कणगीमागून आला, त्यांची चप्पल हुंगली आणि तिच्यावर बसला. डॉक्टर चहाचा कप हातात धरून तसेच बसून राहिले. मला त्यांचं हसू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

तोवर त्यांना एक गोष्ट खटकायला लागली होती. गोळ्या पोटात जात होत्या, दिवसा डबीत दहा-बारा दाणे उरत होते, मग रोज संध्याकाळनंतर डबी रिकामी कशी होते? जिन तर दिवसभर चालतो. त्या रविवारी ते म्हणाले, मी आज दिवे लागेपर्यंत थांबतो. माय खूश झाली. तिने त्यांच्यासाठी पातोडीची भाजी केली. आणि अंधार पडायला लागल्यावर, रोजच्यासारखं, घमेल्यात निखारे घेतले, ओवा टाकला, बोक्याला मांडीवर घेतलं आणि पदर ओढला.

डॉक्टर ओट्यावरून उठून आत आले. मग चिमटा घेऊन त्यांनी ते घमेलं उचललं आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवलं.

मायला राग आला. तिच्या घरात येऊन तिची चूल हलवावी अशी कोणाची हिंमत नव्हती. ही तर लेकरांना देतात, असं तिने सुनावलं. "माझ्या आईनेही मला दिली होती," ते शांतपणे म्हणाले. "पण ज्याची छाती आधीच आवळलेली आहे त्याला धूर म्हणजे विष. खोकला येतो तो कफ सुटतो म्हणून नाही, श्वास कोंडतो म्हणून. हा तुमच्या मांडीवर बसून राहतो कारण तुमच्यावर त्याचा भरवसा आहे, एवढंच."

माय बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात थांबला.

"माह्या पोराले बी मी धुरीच देत होती," ती म्हणाली. "रोज. तो जास्त खोकलला का मी जास्त ओवा टाकत होती."

बाबा दारात उभे होते. आठ-नऊ वर्षांत त्या पोराविषयीचा शब्द पहिल्यांदाच त्या खोलीत उच्चारला गेला होता, आणि तोही एका परक्या माणसासमोर. डॉक्टरांनी काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं मला फार वाटत होतं. त्यांनी तसं केलं नाही.

ते म्हणाले, "त्या वेळी काय झालं ते मी पाहिलं नाही, बाई. ते धुरीनेच झालं असं मी म्हणणार नाही, आणि नाही झालं असंही म्हणू शकत नाही. याचं मात्र मला ठाऊक आहे. धूर बंद केलात तर हा जगेल."

मला तो माणूस त्या दिवशी मुळीच आवडला नाही. सात महिन्यांचं पोर गेलेल्या बाईला 'नाही, धुरीने नाही झालं' म्हणायला काय जात होतं, असं मी मनात किती दिवस भांडत होते. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे आणि आता मला कळतं की त्यांनी खोटं-खोटं 'नाही' म्हटलं असतं तर मायने त्यांच्या 'हो'वरही विश्वास ठेवला नसता.

दोन दिवस मायने घमेलं बाहेरच पडू दिलं. स्वयंपाक केला, धुणं धुतलं, दाणे काढले. तिसऱ्या दिवशी तिने ते घमेलं राखेने घासलं, त्यात माती भरली आणि सांभार पेरला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. तो चांगला दाट उगवला आणि आम्ही तो खाल्ला. घमेलं घासलं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी डबीत पंधरा दाणे उरले. मायने मला हाक मारली, दाणे दाखवले आणि परत मोजायला लावले. पंधराच होते.

मग ती बोक्याच्या दम्यामागे हात धुऊन लागली. फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसायची. दाराला ओलं गोणपाट टांगायची म्हणजे रोंयी त्यालाच चिकटेल. जिनातून आलेल्या बाबांना अंगणात कपडे झटकून आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल ठेवू देईना. बाबा कुरकुरले, पण त्या वर्षी त्यांचाही खोकला कमी झाला, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. सगळ्यात कठीण होतं चाचीला सांगणं. बोका दुपारी तिच्याकडे पिंजलेल्या कापसावर झोपायला जायचा. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा झाडू आपटून त्याला हाकललं. मग आमच्या दारात येऊन डोळे पुसत बसली.

टोपलीचं डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. ती माळ्यावर टाकू नका, घरात उघडी ठेवा, वर्षभर. मायने तीत जुन्या लुगड्याची घडी घातली. महिनाभर बोका तिला वळसा घालून जायचा, टोपली चावेल अशी भीती असल्यासारखा. माय बोंबलाचं डोकं रोज थोडं थोडं टोपलीच्या जवळ ठेवत गेली, मग काठावर, मग आत. पौष लागेपर्यंत तो तीत झोपायला लागला.

आणि पौषातच त्याला सगळ्यात मोठा झटका आला. ऐन दुपार होती, शाळेला सुट्टी होती, बाबा यंत्राच्या कामात अडकलेले. डबी मिनिट संपायच्या किती आधी रिकामी झाली ते आम्ही बघितलंच नाही. माय म्हणाली, चल. मी बोक्याला उचलायला वाकले, तर तो स्वतःच उठून टोपलीत जाऊन बसला. त्याला तीच जागा सुरक्षित वाटत होती. आम्ही वरून फडकं टाकलं आणि टांगा केला. डबी आणि घड्याळ माझ्या हातात होतं. वाटेत माय टोपलीत हात घालून बसली होती आणि टांगेवाल्याला सारखी सांगत होती, सावकाश हाण, त्याले हिसका बसते.

दवाखान्याशी टांगा थांबताच मी धावत आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते कोट काढून, हात धुऊन, सुई घेऊन फाटकाबाहेर आले. बाहेरच्या निंबाखाली टांग्याच्या सीटवरच त्यांनी ती दिली. बैलांचा आवाज तिथे येत नव्हता, वासही नव्हता. बोक्याने कान मागे केले, गुरगुरला आणि मायच्या कोपराखाली डोकं घातलं, पण पळाला नाही. मग आम्ही तिघं दाणे काढत बसलो. टांगेवाला आधी हसत होता, मग तोही वाकून बघायला लागला. पहिल्यांदा डबी संपली. दुसऱ्यांदाही संपली, पण काटा जवळजवळ फिरून आला होता. तिसऱ्यांदा चार दाणे उरले.

"उरले," माय म्हणाली, आणि ते चार दाणे तिने डॉक्टरांना असे दाखवले जसे त्यांना दिसतच नव्हते.

तीन वर्षांनी डॉक्टरांची बदली मूर्तिजापूरला झाली. जाण्यापूर्वी ते आले, चहा प्याले, बोका त्यांच्या चपलेवर बसला. दवाखान्याच्या वहीत त्यांनी नव्या डॉक्टरांसाठी लिहून ठेवलं होतं की जिनातल्या फिटरचं मांजर फाटकाबाहेर तपासावे, आत घेऊ नये. नवे डॉक्टर ते वाचून हसले म्हणे, पण बाहेर आले. बोक्याचा दमा गेला नाही. दर दिवाळीला तो यायचा, दर होळीला उतरायचा, आणि माय गोळ्या आणि दाणे घेऊन त्याच्याबरोबर तो हंगाम काढायची. हंगाम निघतो, हे तिला आता ठाऊक होतं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी अमरावतीला गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं म्हणून बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी उगीच खिडकीतून बाहेर बघितलं. घरी पोचले तर बोका दारात होता, तोंडाजवळ पांढरा झालेला, पण कान ताठ. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि आपल्या टोपलीत जाऊन बसला. टोपली जाईल की काय असं त्याला वाटलं असावं.

मुलगा झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचं नाक चोंदलं आणि तो शिंकला, खोकल्यासारखं काहीतरी केलं. भिंतीपलीकडून चाचीने ते ऐकलं. ती म्हातारी झाली होती, पण शेगडी पेटवून, ओवा टाकून, धुराचा लोट घेऊन ती दोन मिनिटांत आमच्या दारात हजर. तिने ते प्रेमाने केलं होतं, त्यात शंकाच नाही. माय दारात आडवी उभी राहिली.

"माह्या घरात धुरी होत नाई, चाची."

"काय कू? बच्चे को नहीं देती?"

"बोक्याले चालत नाई," माय म्हणाली. "दमा हाय त्याले."

चाची शेगडी घेऊन परत गेली, आणि या घरात बोक्यापुढे नातवाची किंमत नाही असं तिने ओळीत महिनाभर सांगितलं. मायने तिला सांगू दिलं. तिच्याकडे खरं कारण होतं, पण ते सांगायचं तर सात महिन्यांच्या त्या पोराचं सांगावं लागलं असतं, आणि ते चाचीच्या शेगडीसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तेव्हा माय बाळाशेजारी बसली होती. पुढ्यात घड्याळ, हातात डबी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. डबी रिकामी होती आणि काट्याला अजून बराच फेरा बाकी होता. तिने चार वेळा मोजलं होतं आणि चारही वेळा तसंच झालं होतं. मला उठवावं की नाही हे तिला कळत नव्हतं. मीही घाबरले. बाबा तसेच उठून सायकलवर गेले आणि माणसांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आले. त्यांनी बाळाच्या छातीला कान लावला, नाकात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले, मायकडून डबीची गोष्ट ऐकली आणि विचारलं, चाळीस कोणी सांगितले? ढोर-डाक्तरनं, माय म्हणाली. नर्सबाई इतक्या हसल्या की बाळ जागं झालं. तान्ह्याचे श्वास साठपर्यंतही चालतात, मावशी, त्या म्हणाल्या. तुमचा नातू मांजर नाही.

त्या गेल्यावर माय पण हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

"माह्या पोराचे कोनं मोजलेच नाई," ती म्हणाली.

तुला तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच मी म्हणू शकले. ती मान हलवत राहिली, होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही. मग तिने डोळे पुसले, सुपातून तुरी आणल्या आणि मला वीस दाणे मोजायला लावले. बाबांच्या तंबाखूची एक रिकामी डबी होती. ती तिने पाण्याने खळखळून धुतली, पुसली, आणि बोक्याचे चाळीस अधिक हे वीस असे दाणे तिच्यात घातले. मला आणखी चाळीस मोजायला लावून बोक्याची डबी परत भरली आणि त्याच्या टोपलीजवळ ठेवली.

बाळ झोपलं होतं. बोका टोपलीतून उठून आला आणि पाळण्याखाली बसला. मी घड्याळ धरलं, माय एक एक दाणा काढत गेली. काटा फिरून आला तेव्हा मी बस म्हटलं. डबीत नऊ दाणे उरले होते. मायने ते तळहातावर ओतले आणि मूठ मिटून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.